भीमाचं सोनं

त्या रात्री मी खोडलेल्या तीन ओळी मला आजही पाठ आहेत. ‘१९६६ आणि १९७० या बँकॉकच्या दोन्ही आशियाई क्रीडा स्पर्धांत थाळीफेकीत सुवर्णपदक. १९६८चं मेक्सिको आणि १९७२चं म्युनिक अशा दोन ऑलिंपिकमध्ये सहभाग. अर्जुन पुरस्कार.’ आमच्या ट्रेनीने लिहिलेल्या कॉपीचा तो दुसरा परिच्छेद. मी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘हा दुसरा प्रवीणकुमार.’

नागपुरातल्या एका मराठी दैनिकात मी क्रीडा डेस्कवर आहे. डेस्कवर बसणारी माणसं ऱ्हस्व-दीर्घ तपासतात असं लोकांना वाटतं. तेही करतोच. पण अर्धी रात्र जाते ती ‘हा तोच का?’ या एका प्रश्नात. एजन्सीची कॉपी इंग्रजीतून येते आणि इंग्रजीत वखरे, वाखरे सारखेच दिसतात, काळे आणि काले सारखेच दिसतात. माणूस माहीत असल्याशिवाय नाव देवनागरीत उतरत नाही. वर्धा, यवतमाळचा वाचक त्या पोराचं घर ओळखतो. एक काना चुकला की सकाळी फोन येतो, आणि यायलाच हवा.

विदर्भाने रणजी करंडक लागोपाठ दोनदा जिंकला त्या काळात संघात तीन अक्षय होते. यष्टिरक्षक वाडकर, ऑफस्पिनर वखरे आणि दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा कर्णेवार. ‘झे. वाडकर गो. वखरे’ अशी ओळ आली की पान लावणारा आद्याक्षरं टाकून मोकळा व्हायचा आणि दोघेही ‘अ. व.’ होऊन बसायचे. मी नियमच केला, धावफलकात पूर्ण आडनाव आणि मथळ्यात नुसतं ‘अक्षय’ कधीच नाही. तो नियम आजही डेस्कवर पाळला जातो. मला त्याचा अभिमान आहे.

अशी कितीतरी नावं. रॉबिन सिंग दोन, आणि दोघेही भारताकडून एकेकच कसोटी खेळलेले. त्रिनिदादमध्ये जन्मलेला हरारेला ऑक्टोबर १९९८मध्ये, दिल्लीचा वेगवान गोलंदाज हॅमिल्टनला जानेवारी १९९९मध्ये. मध्ये तीन महिन्यांचं अंतर. शिवाय फुटबॉलपटू रॉबिन सिंग वेगळाच. राहुल शर्मा म्हटलं की एक संतूरवादक, पंडित शिवकुमार शर्मांचे चिरंजीव, आणि एक उंचपुरा लेगस्पिनर. संतूरच्या मैफलीच्या बातमीत लेगस्पिनरचा फोटो लागलेला मी पान सुटायच्या दहा मिनिटं आधी पकडला होता. अशोककुमार हे नाव सिनेमावाल्यांना एक माणूस सांगतं आणि हॉकीवाल्यांना दुसरा, १९७५च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारा ध्यानचंद यांचा मुलगा.

‘कुमार’ तर आमच्याकडे जास्तच छळतो. मराठीत आम्ही ते जोडून लिहितो, प्रवीणकुमार. पण फोटोंच्या सर्व्हरवर निम्म्या लोकांनी जोडून टाइप केलंय, निम्म्यांनी तोडून. जोडून शोधलं की एक ढीग येतो, मध्ये जागा सोडून शोधलं की दुसरा. फाइलचं नाव ‘प्रवीण कुमार ३’. कोण, कुठला, काय करतो, काही नाही. पूर्वी आमच्या संदर्भ विभागात एक काका होते. खाकी पाकिटं, त्यावर शाईपेनाने नाव, गाव, कामधंदा, आणि खाली ‘पाहा’ म्हणून दुसऱ्या पाकिटाचा हवाला. काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही, पाकिटं गोदामात गेली. स्कॅन करताना फोटो घेतले, पाकिटावरची अक्षरं घेतली नाहीत. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांनी एकही रात्र डेस्कवर काढलेली नव्हती.

सप्टेंबर २०२१मध्ये टोकियो पॅरालिम्पिकला अठरा वर्षांच्या प्रवीणकुमारने २.०७ मीटर उंच उडी मारून रौप्य जिंकलं, तेव्हा सर्व्हरने पुढे केला मेरठचा स्विंग गोलंदाज प्रवीणकुमार. आमच्या या ट्रेनीने तो उचलला. मी पाहिला, थांबवला, त्याला समोर बसवून अर्धा तास समजावलं. तो गोंदियाकडचा, बावीस वर्षांचा, ऐकून घेणारा. त्या दिवसापासून ‘प्रवीणकुमार’ हे नाव दिसलं की मी सावध व्हायची.

मग आला फेब्रुवारी २०२२. रविवारी ६ तारखेला लतादीदी गेल्या. त्यानंतर पानांवर दुसरं काही उरलंच नव्हतं, क्रीडा डेस्कही आठवणींच्या पुरवणीला जुंपलेला. मंगळवारी ८ तारखेला बातमी आली, ‘महाभारत’ मालिकेतले भीम, प्रवीणकुमार सोबती यांचं निधन, वय ७४. आतल्या पानावर दोन कॉलम मिळाले. डाक आवृत्ती आधी सुटते, कारण गाडीला गडचिरोली, अहेरीपर्यंत जायचं असतं. हातात वीस मिनिटं होती.

ट्रेनीने प्रिंटआउट आणून ठेवला. पहिला परिच्छेद भीमाचा, दुसरा थाळीफेकीचा. मी मनाशी म्हटलं, झालं, पुन्हा तेच. मालिकेच्या नामावळीत नाव नुसतं ‘प्रवीण कुमार’. आशियाई सुवर्णवाला थाळीफेकपटू कुणी वेगळा असणार, पोराने इंटरनेटवरून दोघांना एकत्र केलं. तो म्हणाला, “ताई, पण एजन्सीच्या कॉपीत...” मी म्हटलं, “वेळ नाही. मागच्या वेळचं विसरलास?” तो गप्प बसला. मी रेघ मारली, पान सोडलं. रात्री साडेबाराला शहर आवृत्तीचं पान पुन्हा नजरेखालून गेलं, तेव्हाही माझं मन आश्वस्त होतं. एक मोठी चूक टाळली म्हणून मी चहा मागवला होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. भंडाऱ्याकडच्या एका गावातले निवृत्त पीटीचे मास्तर.

“नमस्कार जी. भीमाची बातमी आली पेपरात. त्याचं सोनं काहून नाही टाकलं बाई तुम्ही?”

मी नेहमीच्या शांतपणे सांगितलं, “गुरुजी, तो दुसरा प्रवीणकुमार. नावं सारखी आहेत.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, “दुसरा कोणता जी? तोच तो. थाळी फेकणाराच भीम झाला. तसं अंग होतं म्हणूनच तर त्याले घेतलं.”

मग ते सांगत गेले आणि मी समोरच्या कागदावर उतरवत गेले. बीएसएफचा जवान. बँकॉकला दोन वेळा सोनं. तेहरानला १९७४मध्ये रौप्य. “अन् हातोड्याचंही होतं बाई. किंग्स्टनले, राष्ट्रकुलचं, १९६६चंच. रौप्य. ते तर कोणीच सांगत नाही.” त्यांच्या शाळेत एकच थाळी होती, लाकडी, कडेची लोखंडी पट्टी सुटलेली, ती त्यांनी सायकलच्या ट्यूबने बांधून ठेवली होती. पोरं यायची नाहीत, सगळी क्रिकेटकडे. ‘महाभारत’ लागलं तेव्हा ते रविवारी पोरांना टीव्हीसमोर बसवून सांगायचे, हा जो गदा फिरवतोय ना, हा आपल्या थाळीचा माणूस आहे. सोमवारी थाळीसाठी रांग लागायची. “आता पोरांची पोरं आहेत. त्याइले दाखवायले कात्रण ठेवणार होतो जी. त्यात तर काहीच नाही.”

फोन ठेवल्यावर मी एजन्सीची मूळ कॉपी उघडली. सोबती हे आडनाव, दोन्ही सुवर्णपदकं, दोन्ही ऑलिंपिक, सगळं एकाच माणसाच्या नावापुढे होतं. ट्रेनीने ते दुसऱ्या ठिकाणीही पडताळलं होतं, हे त्याने नंतर सांगितलं. संध्याकाळी तो आल्यावर मी सगळ्या डेस्कसमोर त्याची माफी मागितली. तो अवघडून म्हणाला, “जाऊ द्या ताई.” मला ते जाऊ देता येत नाही. दोन माणसांचा एक होऊ नये म्हणून मी वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसले. एकाच माणसाचे दोन होऊ शकतात, आणि ते माझ्याच हातून, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

दुरुस्तीचा मजकूर मी चार ओळींत लिहून वरिष्ठांकडे नेला. ते वाचून म्हणाले, “चुकीचं छापलं तर दुरुस्ती. न छापलेल्याची दुरुस्ती कशी करायची?” हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. वाचकाच्या हातात अर्धा माणूस दिला आणि म्हणे चूक नाही. गोलंदाजाचा फोटो चुकून लागला असता तर दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर दिलगिरी आली असती, कारण लोक हसले असते. इथे कुणी हसलं नाही, म्हणून काही आलं नाही.

मास्तरांनी फोन ठेवताना विचारलं होतं, थाळी फेकतानाचा फोटो तुमच्याकडे असेल का. सर्व्हरवर जोडून शोधलं, तोडून शोधलं. गदाधारी भीम सात वेळा आला. मग शुक्रवारी सुटीच्या दिवशी मी गोदामाची किल्ली मागून घेतली. पाकिटं वर्णानुक्रमे नव्हती, उंदरांनी दोन खोकी फोडलेली. ‘प’चं खोकं सापडायला दुपार झाली. खाकी पाकिटावर काकांचं तिरकं अक्षर होतं: ‘प्रवीणकुमार. थाळीफेक, हातोडाफेक. सीमा सुरक्षा दल. पाहा: दूरदर्शन मालिका, भीम.’

पाकीट रिकामं होतं. आत एक चिठ्ठी, त्याच अक्षरात, ‘फोटो पुरवणीसाठी दिला. परत आलेला नाही.’