माणेक चौकातली रात्र

अहमदाबादच्या जुन्या शहरात आज मनसोक्त भटकलो. जामा मशीद १४२४ सालची, पिवळसर दगडाची. आत खांबच खांब, आणि त्यांच्यामधून झिरपणारं ऊन. तिथून पाय निघेना. मग पोळांच्या, म्हणजे दाटीवाटीच्या जुन्या वस्त्यांच्या, अरुंद गल्ल्या: लाकडी कोरीव दारं, पाखरांना दाणे टाकायचे चबुतरे. २०१७ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारसा ठरवलं खरं, पण काही घरांना कुलपं दिसली आणि जीव तुटला. अशी घरं माणसं राहिली तरच टिकतात.

रात्री माणेक चौक! दिवसा सोन्याचांदीचा बाजार, दुकानं मिटली की त्याच जागी खाण्याच्या गाड्या. चीज ओसंडणारं घुघरा सँडविच, लोण्यात न्हालेली पावभाजी, वर कुल्फी. पुढच्या वेळी आईला आणायचंच. तिला ती कोरीव दारं फार आवडतील.