जपलेली प्रत्यंचा

जपानमधील एका उच्च माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवतो. तेथे शिक्षकांकडे विद्यार्थ्यांच्या एखाद्या पथकाची जबाबदारी येते, आणि माझ्या वाट्याला क्यूदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या, आली. नेम धरायला शिकवण्यासाठी दर शनिवारी एक वृद्ध प्रशिक्षक येतात. साहित्याची निगा मात्र माझ्याकडे असते.

बहुतेक मुले काचतंतूचे धनुष्य आणि कृत्रिम धाग्याची दोरी वापरतात. एका विद्यार्थिनीकडे मात्र तिच्या आजोबांचे बांबूचे धनुष्य आहे, सुमारे २२१ सेंटिमीटर लांबीचे, आणि त्याला भांगेच्या खोडातून काढलेल्या तंतूंची दोरी चढवलेली असते. ही दोरी कृत्रिम दोरीइतकी टिकत नाही, आणि जाणत्यांच्या मते तिचा गुण तोच आहे, कारण धक्का सोसण्याची वेळ आली तर धनुष्याआधी ती तुटते. ‘कुसुने’, म्हणजे तेलात शिजवलेली पाइनची राळ, चोळून तिचे तंतू एकत्र धरून ठेवलेले असतात. गवती चपलेच्या नावावरून ‘वाराजी’ म्हणतात ती भांगेच्या धाग्यांची छोटी विणलेली गादी दोरीभोवती धरून जोरात खालीवर घासली, की घर्षणाच्या उबेने राळ मऊ होते आणि सुटू पाहणारे तंतू पुन्हा अंगाला बसतात. थंडीत राळ कडक होऊन तिचे पापुद्रे पडतात, म्हणून हिवाळ्यात हे काम अधिक वेळ करावे लागते. हे काम मला मनापासून आवडू लागले होते, आणि त्या एका दोरीचे आयुष्य मी किती वाढवले याचा मला अभिमानही वाटत होता.

जानेवारीतील त्या शनिवारी स्पर्धेला दोन आठवडे उरले होते. दोरीच्या मध्याच्या खाली, जेथे बाणाची खाच बसते, तेथे भांगेचे तंतू गोंद लावून गुंडाळतात आणि दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये घासून गोल करतात. या वेष्टनाला ‘नाकाजिकाके’ म्हणतात. ते झिजले होते. दोरी बदलूया, असे मी सुचवले, तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, “सेन्सेई (गुरुजी), स्पर्धा होईपर्यंत हीच राहू द्या, हिची मला सवय झाली आहे.” मी जुन्या वेष्टनावरच तिसऱ्यांदा नवे वेष्टन चढवले. वरून ते अतिशय नीटनेटके दिसत होते.

चौथ्या बाणाला चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला आणि दोरीचे दोन तुकडे दोन दिशांना उडाले. मुलीला इजा झाली नाही. प्रशिक्षकांनी आधी तिची विचारपूस केली आणि लगेच धनुष्याला दुसरी दोरी चढवायला सांगितले, कारण दोरी तुटल्यावर बांबूचे धनुष्य तसेच सोडले तर त्याचा बाक बिघडू शकतो.

मग त्यांनी तुटलेली टोके माझ्या तळहातावर ठेवली. दोरी बरोबर वेष्टनाखाली तुटली होती. इतरत्र तंतू राळेने तुकतुकीत होते, पण वेष्टनाखालचे तंतू कोरडे आणि भुसभुशीत होते. गोंदाच्या थरांखाली माझी राळ पोहोचतच नव्हती, आणि जाड झालेल्या वेष्टनावर बाणाची खाच घट्ट बसून, दोरी ओढताना घालतात त्या हातमोज्याच्या अंगठ्याशी होणारे घर्षण वाढले होते. “दोरी कोठे तुटते ते पाहा,” ते म्हणाले. “वरच्या फाशाशी तुटली, तर धनुष्याचे टोक तपासा. येथे तुटली, तर आपले हात तपासा.”

त्याहून मोठी चूक दुसऱ्या दोरीने दाखवली. वेताच्या चकतीवर गुंडाळलेली राखीव दोरी अगदी कोरी होती. तिच्यावरून एकही बाण सुटला नव्हता. चढवताच ती ताणली जाऊ लागली, आणि दोरी व धनुष्य यांमधील साधारण १५ सेंटिमीटरचे अंतर प्रत्येक बाणागणिक कमी होत गेले. पीळ वाढवून, फासा पुन्हा बांधून मी ते कसेबसे सावरले, पण मुलीचे बाण त्या दिवशी लक्ष्याच्या खालीच जात राहिले. राखीव दोरीवरून आधी काही बाण सोडून, तिला पुरते ताणू देऊन मगच ती चकतीवर ठेवायची, आणि दोन्ही दोऱ्या आलटून पालटून वापरायच्या, ही गोष्ट मी वाचलेली होती. पण एकाच दोरीच्या काळजीत गुंतल्यामुळे ती केली नव्हती. स्पर्धेत असे झाले असते, तर त्या मुलीच्या वर्षभराच्या मेहनतीचे माझ्यामुळे नुकसान झाले असते, हे मला फार लागले.

संध्याकाळी मी निरोगी तंतू असलेले तुकडे बाजूला काढले, पीळ उलगडला आणि विद्यार्थिनीला शेजारी बसवून प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांची एक वाराजी विणली. सोमवारी सकाळी तिने त्याच वाराजीने नवी दोरी घासली. वेष्टनाची जागा आली तेव्हा ती थांबली, आणि तिने नखाने हळूच तेथील तंतू चाचपून पाहिले.