दाढेच्या जागी ब्रिज: घासणं, सिमेंट आणि काटे

एक दाढ गेली की सहसा तीन युनिटचा ब्रिज बसतो: शेजारच्या दोन दातांवर कॅप, मध्ये त्यांना जोडलेला खोटा दात. दाढ काढल्यावर हिरडी बसायला साधारण दोन-तीन महिने द्या. घाई केली तर हिरडी नंतर आक्रसते, खोट्या दाताखाली फट पडते आणि मांदेलीचे काटे नेमके तिथेच अडकतात.

कॅपसाठी आधाराचे दात चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर घासतात. घासलेलं परत येत नाही. म्हणून दोन्ही शेजारी धडधाकट असतील, तर आधी इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) विचार करावा हे बरं. मिशेरी मात्र सोडावी लागेल. तंबाखूने हिरड्या आणि हाड खंगतं, मग दोन्ही उपाय डळमळतात.

खरा घोळ कॅप दाताला चिकटवणाऱ्या सिमेंटचा. एका बाजूचं सुटतं, दुसरी बाजू धरून ठेवते, त्यामुळे कळतच नाही आणि आत लाळ शिरून दात किडतो. दाबल्यावर बुडबुडे आले, चव बिघडली किंवा घाण वास आला की लगेच दाखवा. घरातल्या गोंदाने चिकटवू नका (लोक चिकटवतात!). रात्री सुपरफ्लॉस (कडक टोकाचा, दात साफ करायचा दोरा) खोट्या दाताखालून ओवून फिरवा. आणि सुपारी फोडायला अडकित्ता आहे.