ताळा जुळला, तरी उत्तर चुकलं

नववीचं 'बहुपदी' प्रकरण चालू असताना एक मुलगी गृहपाठाची वही घेऊन आली. ताळा जुळतोय, तरी पुस्तकातलं उत्तर वेगळं आहे, म्हणजे छपाईची चूक असणार, असं तिचं म्हणणं. गणित होतं (2क्ष³ + क्ष)(क्ष² − 3). तिचं उत्तर 2क्ष⁶ − 6क्ष³ + क्ष² − 3क्ष. ताळ्यासाठी तिने क्ष = 1 घेतला होता. कंसांचा गुणाकार 3 × (−2) = −6, आणि उत्तरातही 2 − 6 + 1 − 3 = −6.

आकडेमोड अगदी बरोबर होती. पण 1 चा कितवाही घात 1 च. क्ष = 1 ठेवला की सहगुणक (क्षच्या आधीचे आकडे) तेवढे तपासले जातात, घातांक तसेच सुटतात. "2 ठेवून बघ," म्हटलं. कंसांमधून 18 × 1 = 18 आले, तिच्या उत्तरातून 128 − 48 + 4 − 6 = 78.

चूक आहे हे तिला पटलं, पण ती कशामुळे होते ते कळायला मी मागची पानं चाळली. क्ष² × क्ष² = क्ष⁴, क्ष⁴ ÷ क्ष² = क्ष², (क्ष²)² = क्ष⁴ ही तिन्ही बरोबर. त्यापुढे मात्र क्ष³ × क्ष⁵ = क्ष¹⁵, क्ष⁶ ÷ क्ष² = क्ष³, (क्ष²)³ = क्ष⁸ आणि 3क्ष² + 4क्ष² = 7क्ष⁴. कसं केलंस विचारल्यावर ती सहज म्हणाली, "गुणाकार आहे ना सर, म्हणून तीन पाचे पंधरा." भागाकार असेल तर भागायचं, अधिक असेल तर मिळवायचं, कंसाबाहेर 3 असेल तर 2 चा घन. मुलगी गोंधळलेली नव्हतीच. जी क्रिया दिसेल तीच घातांकांवर करायची, हा एकच नियम ती काटेकोर पाळत होती. 'पाया समान असेल तर घातांकांची बेरीज' हे वाक्यही तिला पाठ होतं, पण ते ती बेरजेच्या गणितांना लावत होती.

मला खरा धक्का दिला तो पहिल्या तीन गणितांनी. 2 + 2, 2 × 2 आणि 2², तिन्ही 4. 4 − 2 आणि 4 ÷ 2, दोन्ही 2. सोपी म्हणून सुरुवातीला हीच उदाहरणं दिली जातात, आणि चुकीचा नियम नेमका त्यांच्यातच खपून जातो. वर बरोबरची खूण मिळाली की तो आणखी घट्ट बसतो.

अशा वेळी नियम पुन्हा सांगून उपयोग नसतो. मी विचारलं, "क्ष गुणिले क्ष किती?" तिने लगेच क्ष² सांगितलं. मग दोन्ही क्षंवर न लिहिलेला 1 लिहायला लावला. तिच्या नियमाने 1 × 1 = 1, म्हणजे उत्तर नुसतं क्ष यायला हवं. तिथे ती थांबली.

त्यानंतर क्ष³ × क्ष⁵ सुटं करून लिहिलं. आधी तीन क्ष, मग पाच क्ष. मोजले तर आठ. (क्ष²)³ म्हणजे क्ष² तीनदा, एकूण सहा. भागाकारात वर सहा, खाली दोन. दोन-दोन खोडले, वर चार उरले. बेरजेसाठी क्ष = 10 घेणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं: 300 + 400 = 700, आणि 7क्ष⁴ म्हणजे तर 70000! सजातीय म्हणजे क्षचा घात सारखा असलेल्या पदांत फक्त सहगुणक मिळवायचे, हे त्या शून्यांवरूनच तिला दिसलं.

मग मूळ गणित तिने स्वतः सोडवलं: 2क्ष⁵ − 6क्ष³ + क्ष³ − 3क्ष, म्हणजेच 2क्ष⁵ − 5क्ष³ − 3क्ष. क्ष = 2 ठेवल्यावर 64 − 40 − 6 = 18. शिवाय कोटी (म्हणजे सर्वांत मोठा घातांक) 3 आणि 2 असलेल्या बहुपदींच्या गुणाकाराची कोटी 5 च येणार, त्यामुळे क्ष⁶ पाहताक्षणीच शंका यायला हवी, हेही तिला दाखवलं.

आता घातांकांच्या पहिल्याच गृहपाठात मी क्ष² × क्ष² देत नाही. क्ष³ × क्ष⁵, क्ष⁶ ÷ क्ष², (क्ष²)³ आणि त्यांना लागूनच 3क्ष³ + 4क्ष³ अशी चारही एकाखाली एक देतो. ताळा 2 किंवा 10 ठेवून करायचा.