चोवीस रुपयांचा रॉड

आई वाळवण काढायला गच्चीवर आली, तेव्हा मी कठड्याला क्लॅम्प लावून एक नऊ फुटी काठी आडवी बसवली होती. काठीच्या शेंड्याला दुधाची धुतलेली पिशवी बांधली होती आणि त्या पिशवीत एकेक रुपयाचं नाणं सोडत होतो. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "कुणाला नवस बोललायस?"

नवस नव्हता. फ्लाय फिशिंगचा रॉड निवडत होतो. पण हे आईला सांगणं नवसापेक्षा अवघड. आमच्या इंदूरच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मासा कापलेला नाही, त्यामुळे आधी "खायचा नाही, पकडून सोडून द्यायचा" हे सांगावं लागलं. त्यावर तिचा प्रश्न ठरलेला होता, "मग पकडायचाच कशाला?" त्याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

सुरुवात हिमाचलमध्ये झाली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही तीर्थन खोऱ्यात गेलो होतो. नदीत गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता आणि त्याच्या डोक्यावरून एक पिवळी दोरी मागे जाऊन उलगडायची, पुढे जाऊन उलगडायची आणि पाण्यावर अलगद टेकायची. पोरं गाडीत हॉर्न वाजवत होती तरी मी अर्धा तास हललो नाही. परतीच्या रेल्वेतच ठरवलं की पुढच्या एप्रिलला आपल्या हातात असा रॉड असेल.

इंदूरला आल्यावर नेहमीच्या गळांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने टेलिस्कोपिक रॉड काढले, चकरीवाले रीळ काढले, शिशाची वजनं काढली. मी पिसांची माशी म्हटल्यावर म्हणाला, "भिया, वो अपने यहाँ नी चलता." बरोबरच होतं त्याचं. साध्या मासेमारीत वजन गळाच्या टोकाला असतं. शिसं पुढे जातं आणि बारीक दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असते दोऱ्याने बांधलेली पिसं-केसांची माशी. ती फेकणं म्हणजे कापसाचा बोळा फेकणं. म्हणून इथे वजन दोरीत ठेवलेलं असतं. फेकायची ती दोरी, माशी फक्त तिच्याबरोबर जाते. एवढं कळलं की रॉडवरच्या नंबराचा अर्थ लागतो, कारण तो नंबर दोरीचा असतो, माशाचा नव्हे.

पाच नंबरच्या दोरीचा पुढचा 30 फुटांचा भाग 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम भरतो. आठ नंबरचा 210 ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. मी पीथमपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आकडा दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. तो इतक्या लवकर पडायला नको होता, ते पुढे सांगतो.

सुरुवातीला मला एकाच रॉडमध्ये दोन मासे हवे होते, हिमाचलचा ट्राउट आणि आपल्या नर्मदेतला बाडस. बाडस म्हणजे महसीर, 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्य मासा. माझी ही हौस महूच्या एका काकांनी पहिल्याच भेटीत मोडली. काका मूळचे सातारकडचे. फौजेतून निवृत्त होऊन महूलाच राहिलेत. काश्मीर-हिमाचलच्या पोस्टिंगमध्ये त्यांनी सुट्टीचे दिवस नदीवर घालवलेले. ओळखीतल्या एकाने त्यांचं नाव सांगितलं.

"आरं, आठ नंबरनं ट्राउट धरलास तर तुला मासा लागलाय का पाला, ते कळायचं नाही," काका म्हणाले. "आणि पाच नंबरवर महसीर लागला तर त्याला दमवता दमवता तो इतका थकेल की सोडूनही जगंल याची खात्री नाही. आधी ठरव, जायचं कुठं."

नर्मदेचं तर त्यांनी आणखीच सांगितलं. महसीरला दगडगोट्यांवरून वाहतं पाणी लागतं. इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी धरणं झाल्यावर नदीचा मोठा भाग तलावासारखा थांबला आणि बाडस कमी झाला. जो मासा आधीच संकटात आहे, त्याच्यासाठी शिकाऊ माणसाने रॉड घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. म्हणजे ट्राउट, म्हणजे पाच नंबर, लांबी नऊ फूट, आणि रेल्वेत नेता यावा म्हणून चार तुकड्यांचा.

इथपर्यंत सोपं होतं. पाच नंबरचे, नऊ फुटी, चार तुकड्यांचे रॉड सत्तर तरी दिसले आणि किमती पाच हजारांपासून लाखाच्या घरात. पहिला मी मागवला तो रॉड, रीळ, दोरी असा एकत्र सेट, सात हजारांचा. कुठल्या दुकानातून ते सांगत नाही. खोका उघडला, तुकडे जोडले आणि एक डोळा मिटून मुठीकडून शेंड्याकडे पाहिलं. दोरी ज्यातून जाते त्या कड्या एका रेषेत नव्हत्या. तुकडा फिरवून सरळ करावं तर एकाच तुकड्यावरच्या दोन कड्या आपसात वाकड्या, म्हणजे चिकटवतानाच चुकलेल्या. दुसऱ्या सांध्यात तर खुळखुळ होती. परत पाठवला. पैसे यायला एकोणीस दिवस लागले आणि त्या एकोणीस दिवसांत मी तीन वेगवेगळ्या माणसांना तोच फोटो पाठवला.

तेव्हापासून एक शिकलो. महाग असो की स्वस्त, रॉड हातात आल्यावर आधी कड्यांची रेष बघायची, मग सांधे, मग मुठीचं बूच. बुचात खड्डे असतातच. स्वस्त रॉडमध्ये ते भुशाच्या लुकणाने भरलेले असतात आणि ते लुकण वर्षभरात निघतं. शेंडा चिमटीत धरून हलवून बघायचा तो दुकानातल्या पंख्याखाली नको. हे काकांचं वाक्य, त्यामागे त्यांचा एक मोडलेला शेंडा आहे.

दुसऱ्यांदा मी मध्यम ॲक्शनचा रॉड मागवला, आठ हजार नऊशेचा. ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. फास्ट रॉड शेंड्याकडे वाकतो, मध्यम निम्म्यापर्यंत आणि स्लो थेट मुठीपर्यंत. परत करायची मुदत दहा दिवस. त्याच आठवड्यात काकांनी त्यांच्या मुलाने परदेशातून पाठवलेला फास्ट रॉड माझ्या हातात दिला. "मला हा चालत नाही, माझा हात जुना. तुला जमला तर बारा हजाराला ने." म्हणजे दहा दिवसांत दोन रॉडमधला एक ठरवायचा होता.

तपासणी विभागाचा माणूस अशा वेळी काय करणार? मोजणार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर काकांचा रॉड 88 ग्रॅम भरला, माझा 107. पण हलका रॉड हातात हलका लागतोच असं नाही, वजन शेंड्याकडे किती आहे त्यावर ते ठरतं. मग मला विल्यम हॅनेमन नावाच्या अमेरिकी गृहस्थांची नाण्यांची पद्धत सापडली. रॉडची मूठ आडवी पक्की करायची, शेंड्याला पिशवी बांधायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत नाणी टाकत जायची. नऊ फुटी रॉडला हे अंतर तीन फूट होतं. मग नाणी मोजायची, म्हणजे रॉड किती ताठ ते कळतं. त्याच वेळी शेंडा आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करतो तेही बघायचं. 66 च्या वर फास्ट, 59 च्या खाली स्लो. त्यांनी अमेरिकी सेंट वापरले, मी रुपये.

आता रुपयाचंही सरळ नाही. आईच्या देवघरातल्या डब्यात जुने-नवे सगळे एकत्र होते. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा, त्याआधीचा पोलादी मोठा रुपया 4.85 ग्रॅमचा. मी सगळे ओतून वेगळे करायला बसलो आणि आईने नवसाचा विषय सोडून मला मदत करायला घेतली. नाणी निवडण्यात तिचा हात माझ्यापेक्षा जलद, कारण ती दर सोमवारी हेच करते.

माझा रॉड चोवीस रुपयांना तीन फूट वाकला. कोन 62. काकांचा एकतीस रुपयांना, कोन 70. दोन्हींवर छापलंय पाच! चोवीस रुपये म्हणजे 91 ग्रॅम आणि एकतीस म्हणजे 117 ग्रॅमच्या वर. नंबर हा बनवणाऱ्याचा शब्द असतो, त्यावर कुणाचा शिक्का नसतो, हे मला गच्चीवर कळलं. तरीही आकड्यांवर काकांचा रॉड जिंकला असंच मी धरलं. हलका, ताठ, लांब फेकणारा. तीन हजार जास्त गेले तर गेले.

रविवारी सकाळी पोहे खाऊन चिमणबागेच्या मैदानावर गेलो. माशीच्या जागी केशरी लोकरीचा तुकडा बांधला होता. काका महूहून स्कूटरवर आले. माझ्या रॉडच्या मुठीवरचं प्लॅस्टिक मी काढलं नव्हतं, परत करायचा झाला तर उगाच भांडण नको. क्रिकेट खेळणारी पोरं गोळा झाली. एकाने आधी वर आभाळात पाहिलं, मग माझ्याकडे. "अंकल, पतंग कहाँ है?"

काकांच्या रॉडने सुरुवात केली. चाळीस-पंचेचाळीस फूट दोरी बाहेर काढल्यावर रॉड गाऊ लागला. दोरी मागे जाऊन सरळ होते, हाताला एक हलका ओढा जाणवतो, आणि मग पुढे. चारातला एक फेक असा लागला तरी अंगावर काटा यायचा. मी खूश. काका हाताची घडी घालून उभे होते.

"तीर्थनला किती लांब फेकणार?"

"बघू, चाळीस फूट..."

"मागं देवदार, पुढं धोंडे. वीस फूट फेकलंस तरी लई झालं. आता वीस फुटांवर दाखव."

दोरी आत घेतली आणि वीस फुटांवर फेकली. शेंडा जरासुद्धा वाकला नाही. लोकरीचा तुकडा माझ्या पायांपासून सात-आठ फुटांवर, वरून शेवयांसारखी दोरी. पुन्हा तेच. जोर लावला तर आणखी वाईट. मग प्लॅस्टिक गुंडाळलेला माझा रॉड घेतला. घसरत होता हातात, पण तिसऱ्या फेकीला दोरी उलगडली आणि लोकर गवतावर टेकली. काका काही बोलले नाहीत, फक्त मान हलवून चहाच्या गाडीकडे निघाले.

डोक्यात प्रकाश पडला तो चहा पिताना. 140 ग्रेन हे वजन 30 फुटांचं आहे. ज्या मापावर तो नंबर ठरलाय तेवढी दोरी मी बाहेर काढणारच नव्हतो. वीस फुटांवर दोरीचं सहा ग्रॅमही वजन बाहेर नसतं, कारण तिचं टोक निमुळतं असतं. एकतीस रुपयांना वाकणाऱ्या रॉडला तेवढ्याने काय होणार? कारखान्यात कुणी मला मापाची अट न वाचता आकडा दाखवला असता तर मी तो कागद परत पाठवला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र दहा दिवस तेच करत बसलो होतो.

फास्ट रॉडवर एक नंबर जड दोरी चढवून हे निभावता येतं, पुष्कळ जण करतातही. पण रॉड पाचाचा घ्यायचा आणि दोरी सहाची, असलं जुगाड मला पहिल्याच वर्षी नको होतं. काकांचा रॉड परत केला. ते म्हणाले, "मी तरी दुसरं काय सांगत होतो?" त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं.

रीळ स्वस्तातला घेतला. ट्राउटला रीळ म्हणजे दोरी गुंडाळायची डबी, त्यात पैसे घालू नयेत. दोरी मात्र चांगली घेतली, तरंगणारी. हिमाचलमध्ये ट्राउट 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असतो आणि परवाना काढावा लागतो, म्हणून एप्रिलच पक्का केला.

तोपर्यंत हात बसावा म्हणून देपालपूरकडच्या एका मित्राच्या शेततळ्यावर जातो. तिथे तिलापिया आहेत. माशीचा गळ बांधण्याआधी टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला, म्हणजे मासा सोडवताना फाटत नाही. तिसऱ्या खेपेला, संध्याकाळी साडेपाचला, माशी पाण्यावर टेकली आणि खालून तिच्याभोवती एक गोल उमटला. हात आपोआप वर गेला. शेंडा वाकला, फार नाही, तीन-चार रुपयांइतका. तळहाताएवढा तिलापिया, पाठीवरचे काटे ताठ केलेला. पाण्यातच गळ काढला. तो क्षणभर माझ्या बोटांत थांबला आणि गेला.

घरी फोन केला.

"सोडलास ना?" आईने विचारलं.

"सोडला."

"मग माझे रुपये तेवढे डब्यात परत ठेव. सोमवार आलाय."