हे परीक्षेला येणार का?

चोपडा, सोमवार, रात्री साडेनऊ

दिवाळीची सुटी संपून आठवडा झाला, तरी नववीच्या वर्गात आज निम्मीच मुले होती. उरलेली कापूस वेचायला गेली होती. जी हजर होती, त्यांतल्या एकाने क्षेत्रफळाचे उदाहरण फळ्यावर पुरते लिहून होण्याआधीच विचारले, "सर, हाई परीक्षामा येई का?" मला राग आला, पण तो मुलावर काढावा असे वाटेना, कारण हा प्रश्न आम्हीच त्याच्या तोंडी घातला आहे. गेली बावीस वर्षे मी स्वतः धड्याच्या कडेला 'आयएमपी' लिहून घेत आलो आणि जे विचारले जात नाही ते सोडून द्या, असे सांगत आलो.

शिक्षक-खोलीत याचे खापर ढकलपासवर फोडतात. २०१० साली शिक्षणहक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले आणि तेव्हापासून मुले बिघडली, असे आमचे ज्येष्ठ सहकारी मानतात. मला ते पटत नाही. त्याआधी मुले नापासाच्या धाकाने पाठांतर करीत होती, एवढेच; धाक होता म्हणून कुतूहलही होते, असे मला आठवत नाही.

खरे कारण मला परवा त्याच मुलाच्या घरी दिसले. त्याच्या मोठ्या भावाची पदवी भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेली आहे आणि भाऊ मोबाइलच्या दुकानात बसतो. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. जिने कधी शाळा पाहिली नाही आणि जिला लिहिता येत नव्हते, त्या बाईचे नाव त्या कागदावर पाहून मी क्षणभर थबकलो. आई म्हणाली, "सर, इतकं शिकून काय झालं?" शिकलास तर नोकरी लागेल, हे एकच कारण आम्ही सांगत आलो, नोकरी लागली नाही, तेव्हा शिकण्यालाही काही कारण उरले नाही.

म्हणून आज पुस्तकातला आयताकृती बगीचा मी पुसला आणि विचारले, पाच बाय पाच फुटांवर केळी लावली, तर एकरात खोडे किती बसतील? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट; पंचविसाने भागून उत्तर आले १,७४२. मी खडू ठेवला, तोच तो मुलगा उठून म्हणाला की, एवढी बसत नाहीत. बांध सोडावा लागतो, विहिरीकडे जायला वाट लागते, कडेला लिंबाची सावली पडते. त्याच्या आबांनी एकराला सोळाशेच रोपे आणली होती. मग मागच्या बाकावरचे दोघे बांधाच्या रुंदीवरून भांडू लागले, आणि तास कधी संपला ते कळले नाही. (शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली, ती रीतसर ऐकून घेतली.)

घंटा झाल्यावर तो टेबलापाशी आला आणि त्याने विचारले, "सर, एकर ४३,५६० चाच का? पुरे चाळीस हजार का नाही?" चाळीस गुंठ्यांचा एकर आणि ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, एवढे मी सांगितले. "पण गुंठा तेहतीसचाच का?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. इतकी वर्षे हा आकडा फळ्यावर लिहूनही मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, याची लाज वाटली.

संध्याकाळी गल्लीतल्या निवृत्त तलाठी अण्णांना गाठले. त्यांनी सांगितले की जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असे, तिचे सोळा आणे पाडलेले असत आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद जमीन म्हणजे गुंठा. उद्या तिसऱ्या तासाला हे त्याला सांगायचे आहे. साखळी तेहतीस फुटांचीच का, असे तो लगेच विचारणार. तेव्हा मधल्या सुटीत पुन्हा अण्णांकडे जावे लागेल, किंवा त्यालाच पाठवतो.