सेपेल्ट्सफील्ड : तंबाखूसाठी आलेल्या माणसाची वायनरी

दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यातल्या टनुंडा गावाहून सेपेल्ट्सफील्ड या वायनरीला सायकलने जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : ज्या खजुरांच्या रस्त्याची छायाचित्रे पाहून आपण निघतो, त्या रस्त्यावर सावली नाही. सायकली भाड्याने देणाऱ्याने ‘सपाट आणि सावलीचा रस्ता’ असे छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात वाटेतल्या मारानांगा गावानंतर रस्ता सारखा चढतो आणि उतरतो, आणि भर दुपारी उंच खजुराची सावली बुंध्याभोवतीच घुटमळते. जानेवारीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हा टप्पा सकाळीच उरकावा आणि पाणी दुप्पट घ्यावे. दक्षिण ऑस्ट्रेलियात सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे आहे. तरीही त्याचे वेगळे पैसे आकारले गेले. ही सरळसरळ लूट आहे, म्हणून हेल्मेट धरून एकूण भाडे किती, हे आधीच ठरवून घ्यावे.

घाम गाळायला लावणारी हीच झाडे मात्र मला वायनरीइतकीच मोलाची वाटतात. 1930च्या दशकातील महामंदीत कामगारांना घरी बसवण्याऐवजी सेपेल्ट कुटुंबाने त्यांच्याकडून ही लागवड करून घेतली. आज सुमारे 2,000 खजूर उभे आहेत.

वाटेत भेटलेल्या एका सहलीच्या बसमधील मार्गदर्शक, वायनरीचे संस्थापक जोसेफ सेपेल्ट वाइन करण्यासाठीच ऑस्ट्रेलियात आले, असे सांगत होता. ते साफ चूक आहे. तेव्हा प्रशियात असलेल्या सायलेशिया प्रांतात सेपेल्टांचा धंदा तंबाखू आणि मद्यार्कांचा होता, आणि जोसेफ 1849 मध्ये कुटुंबासह निघाले ते तंबाखू पिकवण्याच्या इराद्याने. ॲडलेडजवळ ते पीक साधले नाही, तेव्हा त्यांनी बरोसात जमीन घेतली, गहू पेरला आणि द्राक्षवेली लावल्या. वायनरीचे स्थापनावर्ष 1851 मानतात. पहिली वाइन मात्र नंतर, पत्नी योहाना यांच्या दुधाच्या कोठीत तयार झाली. फसलेल्या पिकातून उभे राहिलेले हे घराणे समजून घ्यायचे, तर अर्ध्या तासात तीन पेले पाजून निघणाऱ्या बसने जाऊ नये.

1868 मध्ये जोसेफ वारले आणि कारभार थोरला मुलगा बेनो याच्याकडे आला. 1888ची तळघर-इमारत त्याने टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधून घेतली, त्यामुळे वरच्या टप्प्यावर आलेली द्राक्षे आणि त्यांचा रस आपल्याच वजनाने खाली उतरत जातो. हा भाग चुकवू नये. त्याआधी, 1878 मध्ये, बेनोने 500 लिटरचे एक पिंप टॉनीने, म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरवल्या जाणाऱ्या गोड वाइनने, भरले आणि शंभर वर्षे त्याला हात लावायचा नाही असे ठरवले. तेव्हापासून दर वर्षी एक साठा मागे ठेवला जातो. दशकानुदशके बाष्प होऊन उरलेली ती टॉनी इतकी दाट असते, की पेला तिरका केला तर काचेवर काळपट तपकिरी थर चिकटून राहतो आणि सावकाश खाली ओघळतो.

आपल्या जन्मवर्षाची टॉनी थेट पिंपातून चाखता येते. ती महाग आहे, तरीही माझ्या मते एवढा एकच खर्च बिनदिक्कत करावा. आगाऊ नोंदणी करावी आणि पोटभर जेवून जावे. या टॉनीत मद्यार्क मिसळलेला असल्याने ती साध्या वाइनपेक्षा बरीच कडक असते, आणि नंतर सायकल चालवायची असेल, तर चाखण्याचा बेत रद्दच करावा.